मुकुट, जानवं आणि फणी: पौराणिक मालिकेची चांगली डिजिटल प्रत कशी जमवावी

गेल्या वर्षी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एक दुकानदार मला बी. आर. चोप्रांचं अख्खं महाभारत एका पेनड्राइव्हवर द्यायला निघाला होता. "फोर-के आहे साहेब, एकदम काचेसारखं." त्याच्याच लॅपटॉपवर दोन मिनिटं पाहिलं. धृतराष्ट्राच्या मुकुटाचं टोक चौकटीबाहेर, भीष्मांची दाढी म्हणजे कापसाचा गोळा, आणि मागच्या सैनिकांचे चेहरे साबणाने घासून पुसल्यासारखे. "राहू दे भाऊ," म्हटलं आणि निघालो. त्याला वाटलं, भावावरून अडलं.

माझ्या लेखी चांगली प्रत ती, जिच्याशी कमीत कमी छेडछाड झाली आहे. गेली तीन-चार वर्षं मी आईसाठी महाभारत जमवतोय आणि निम्मा वेळ फसव्या 'एचडी'च्या मागे गेला. तुमचा तरी जाऊ नये, म्हणून हे लिहितोय. उदाहरणं महाभारताची आहेत, पण रामायण, श्रीकृष्ण किंवा त्या काळची कुठलीही मालिका घ्या, रीत हीच.

मूळ चित्र केवढं होतं?

रामानंद सागरांचं रामायण २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दूरदर्शनवर आलं, भाग ७८. महाभारत २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालं आणि २४ जून १९९० ला संपलं, भाग ९४. दोन्ही मालिका व्हिडिओवर चित्रित झालेल्या. दूरदर्शनची पद्धत पॅल, म्हणजे एकूण ६२५ ओळी, त्यातल्या पडद्यावर दिसणाऱ्या ५७६. चौकट ४:३, जवळपास चौकोनी. सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत यायचं: आधी एक सोडून एक ओळी, मग उरलेल्या. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. हे ५० लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

जुना सिनेमा फिल्मवर असतो. निगेटिव्ह शाबूत असेल तर ती नव्याने स्कॅन करून खरोखर जास्त तपशील काढता येतो. व्हिडिओत ती सोय नाही. ५७६ ओळींच्या पलीकडे त्यात काही नाहीच. त्यामुळे १९८८ च्या मालिकेवर '१०८०' किंवा 'फोर-के' लिहिलेलं दिसलं की समजायचं, वरचे ठिपके संगणकाने अंदाजाने भरलेत. २०१३ साली स्टार प्लसवर आलेलं २६७ भागांचं महाभारत वेगळं, ते एचडीच्या काळातलं आहे. तिथे १०८० मागायला हरकत नाही.

कायद्याचं थोडक्यात

आपल्याकडे चित्रपट आणि अशा मालिकांचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे १९८८ ची मालिका अजून बरीच वर्षं कुणाच्या तरी मालकीची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खाजगी वापरासाठीच्या रास्त उपयोगाला जागा आहे. माझा स्वतःचा नियम त्याहून सोपा: डिस्क विकत घेतलेली असावी, प्रत घरात राहावी, कुठेही अपलोड होऊ नये, आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात नाही. नुसतं बघायचंच असेल तर जमवायची गरजही नाही. सागरांच्या मालिका त्यांच्या 'तिलक' या यूट्यूब चॅनेलवर आहेत, आणि प्रसार भारतीने २०२४ मध्ये 'वेव्हज' नावाचं अॅप काढलंय. पण अॅपमध्ये 'डाउनलोड' केलेला भाग म्हणजे आपली प्रत नव्हे. तो अॅपच्या कुलपात असतो, आणि किल्ली त्यांच्याकडे.

पहिलं काम: वही

डिस्क शोधायच्या आधी वही करा, एक्सेलमध्ये केलीत तरी चालेल. दर भागाला एक ओळ: भागाचा क्रमांक, पहिलं वाक्य, शेवटचं दृश्य, मिनिटं, कुठून मिळाला, काय खोट आहे. क्रमांकावर विसंबू नका. डिस्कच्या संचात कधी दोन भाग जोडलेले असतात, कधी शीर्षकगीत आणि 'आधी काय घडलं' कापून भाग सलग केलेले असतात. उत्तर रामायण ही वेगळी मालिका, पण कित्येक संचांत ती रामायणाच्या शेपटीला जोडून येते आणि मोजणी बिघडते. महाभारतात दर भागाचं समयाचं निवेदन, तो हरीश भिमानींचा आवाज, पूर्ण आहे की मध्येच तुटलंय, तेही टिपा. पहिलं वाक्य आणि शेवटचं दृश्य हीच भागाची खरी ओळख.

डिस्क कुठे मिळतात

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, आणि नव्या डिस्क हात लावून घ्यायचे दिवस मुंबईतून जवळपास गेलेच. आता भरवसा जुन्यावर. चोर बाजारात शुक्रवारी सकाळी लवकर जा. पण माझा सगळ्यात चांगला संच आला तो मुलुंडच्या आमच्या रद्दीवाल्याकडून. घरं रिकामी होतात, डीव्हीडी प्लेयर भंगारात जातो, पाठोपाठ डिस्कचा गठ्ठा. रद्दीवाल्याला आधीच सांगून ठेवा, "काका, देवाधर्माच्या सीडी आल्या की बाजूला ठेवा." तो किलोच्या भावाने देतो.

घेताना डिस्क उलटी करून बघा. खालची बाजू स्वच्छ चांदीसारखी असेल तर ती कारखान्यात छापलेली. जांभळट किंवा निळसर झाक असेल तर कुणीतरी घरी रायटरवर जाळलेली, ती सोडा. मग ट्यूबलाइटसमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर आतला थर गेलाय, धुऊन उपयोग नाही. ओरखड्यांना मात्र फार घाबरू नका.

आता हिशेब. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. पाऊण तासाचे तीन भाग असतील तर सेकंदाला साधारण साडेचार मेगाबिट वाट्याला येतात, चित्र ठीक राहतं. त्याच डिस्कवर सहा भाग कोंबले की निम्मेच उरतात, आणि कुरुक्षेत्रावरच्या धुळीचे चौकोन चौकोन दिसायला लागतात. 'संपूर्ण महाभारत, अमुक डिस्क' असं खोक्यावर वाचलंत की भागांना डिस्कने भागा. कमी डिस्कचा संच स्वस्त असतो तो ह्याच कारणाने. व्हीसीडी तर ३५२×२८८, म्हणजे पाव चित्र. दुसरं काहीच मिळालं नाही तरच.

तीन परीक्षा

एका भागाच्या दोन-तीन प्रती हाताशी आल्या की कुठली ठेवायची? मी तीन गोष्टी बघतो, ह्याच क्रमाने.

पहिला मुकुट. नव्या रुंद टीव्हीवर काळे पट्टे दिसू नयेत म्हणून ४:३ चं चित्र वरून-खालून कापून १६:९ करतात. पौराणिक मालिकेत चौकटीच्या वरच्या कडेला काय असतं? मुकुट. दरबारातलं कुठलंही जवळचं दृश्य लावा. मुकुटाचं टोक आणि त्यावर थोडी मोकळी जागा दिसली पाहिजे. कपाळापासून कापलं असेल तर पुढची परीक्षा घेऊच नका.

दुसरं जानवं. चोरून चढवलेल्या प्रती पकडल्या जाऊ नयेत म्हणून काही जण चित्र आरशासारखं उलटवतात आणि आवाजाची पट्टी थोडी चढवतात. चटकन लक्षात येत नाही. कुणातरी ऋषींकडे बघा. जानवं डाव्या खांद्यावर हवं. माझ्याकडे एकदा एक प्रत आली, तिच्यात आश्रमातले झाडून सगळे मुनी अपसव्य करून बसलेले. आईने ओळखलं, मी नाही. "सगळ्यांकडे एकाच दिवशी श्राद्ध आहे का रे?"

तिसरी फणी. संगणकावर व्हिडिओ दाखवणाऱ्या व्हीएलसी सॉफ्टवेअरमध्ये रथ धावतोय किंवा बाण सुटतोय असं दृश्य लावा, थांबवा, आणि इंग्रजी 'ई'ची कळ दाबत एकेक चित्र पुढे सरका. आधी व्हीएलसीचं डीइंटरलेस, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणं, बंद करायला विसरू नका, नाहीतर काहीच कळणार नाही. हलणाऱ्या वस्तूच्या कडेला फणीच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसल्या तर आनंद माना. ती दोन अर्धी चित्रं तशीच्या तशी शाबूत आहेत. लोक हाच दोष समजून प्रत टाकून देतात. ह्याउलट, बाणाच्या मागे दुसरा फिकट बाण, भुतासारखा, दिसला तर ती प्रत बहुधा अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीत फिरवलेली, सेकंदाला २५ ची ओढाताण करून ३० च्या आसपास चित्रं केलेली. ते भूत नंतर काढता येत नाही. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर ह्याला दुजोरा देतं: ७२०×५७६ आणि २५ हवं, ७२०×४८० आणि २९.९७ असेल तर शंका घ्या. इथल्या दुकानांत विकलेल्या संचांतही एनटीएससी डिस्क निघतात, त्यामुळे खोक्यावरून ठरवू नका.

आवाज हेडफोन लावून ऐका. खरखर काढायच्या नादात तानपुरा आणि शंखाचा शेवट गिळलेला असतो. थोडी खरखर असलेली प्रत मी केव्हाही घेईन.

डिस्कवरून फाइल

डिस्क कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून धुवा. पुसताना मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. मग मेकएमकेव्ही नावाच्या सॉफ्टवेअरने प्रत काढा. ते चित्र पुन्हा दाबत नाही, डिस्कवरचं जसंच्या तसं एमकेव्ही फाइलमध्ये ठेवतं. बऱ्याच डिस्कवर सगळे भाग एकाच लांब फाइलीत असतात. एमकेव्हीटूलनिक्सने प्रकरणांवरून ते वेगळे करता येतात, तेही दर्जा न घालवता.

एखादी डिस्क मध्येच अडली तर लगेच फेकू नका. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. माझ्याकडे नवा पातळ यूएसबी रायटर आहे आणि जुन्या डेस्कटॉपमधून काढलेला एक जाडजूड ड्राइव्ह आहे. नव्याने हात टेकले की निम्म्या वेळा जुना वाचतो. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, असे जुने ड्राइव्ह अजून मिळतात. घेण्यापूर्वी तुमचीच एक खराब डिस्क घालून बघायला मागा.

कॅसेट असेल तर

इथे थोडा रेंगाळतो, कारण खरी गंमत इथे आहे. माझ्या मामांनी परळच्या चाळीत दर रविवारी महाभारत रेकॉर्ड केलं. त्या कॅसेट तीस वर्षं माळ्यावर होत्या. चित्र डीव्हीडीपेक्षा कमीच. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा. पण डीव्हीडीत जे कापलेलं असतं ते सगळं तिथे आहे: पूर्ण शीर्षक, निवेदन, मधल्या जाहिराती. म्हणून दोन्ही ठेवायचं, चित्रासाठी डिस्क आणि भागाच्या पूर्णतेसाठी कॅसेट.

मुंबईत कॅसेटची वैरीण म्हणजे दमट हवा. खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे बघा. कडेवर पांढरी, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर ती कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशा कॅसेट वेगळ्या पिशवीत सिलिका जेलसोबत ठेवा आणि साफ करणाऱ्या जाणकाराकडे द्या. हे काम पावसाळ्यात काढूच नका. मी डिसेंबर-जानेवारीत करतो.

बाकीच्या कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळा, वर्षानुवर्षं चिकटलेली फीत मोकळी होते. व्हीसीआरला एस-व्हिडिओचं भोक असेल तर तेच वापरा. मामांनी काटकसर म्हणून १८० मिनिटांच्या कॅसेटवर एलपीमध्ये, म्हणजे फीत निम्म्या वेगाने चालवून, सहा तास भरले होते. तुमच्याकडेही तसं असेल तर एलपी नीट चालवणारा व्हीसीआर हवा, नाहीतर चित्र सतत खालीवर होत राहतं. चित्राच्या उभ्या कडा डुलत असतील तर मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे चित्राच्या ओळी पुन्हा जागेवर आणणारं यंत्र, लागतो. तो महाग आणि दुर्मीळ. काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर नुसते मध्ये जोडले तरी बरंचसं डुलणं थांबवतात.

संगणकावर घेताना ७२०×५७६, २५, इंटरलेस्ड, आवाज ४८ किलोहर्ट्झ. फाइल एफएफव्ही१ किंवा तशाच, दर्जा न घालवता दाबणाऱ्या पद्धतीत. तासाला साधारण ३० जीबी लागतात. महाभारत सुमारे ७० तासांचं धरा, म्हणजे दोन टेराबाइट. पाचशे रुपयांचं यूएसबी कॅप्चरचं गाठोडं मीही घेतलं होतं. त्यात आवाज हळूहळू मागे पडतो, भागाच्या शेवटी श्रीकृष्णांचे ओठ मिटल्यावर उपदेश ऐकू येतो. थोडे पैसे जास्त घाला. आणि चित्राच्या अगदी तळाशी दिसणारी वळवळणारी पट्टी कापू नका. ती व्हीएचएसमध्ये असतेच, फक्त जुन्या टीव्हीच्या कडेआड लपायची.

फ्री डिशवरून

दूरदर्शनने २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीत, दोन्ही मालिका पुन्हा दाखवल्या. पुढेही कधी दाखवल्या तर डीडी फ्री डिशचा पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करणारा सेट-टॉप बॉक्स ठेवा. हवेतून येतं तेच जसंच्या तसं उतरतं. मात्र वाहिनीचं बोधचिन्ह कोपऱ्यात राहतं, आणि मुसळधार पावसात सिग्नल जातो. सोसायटीच्या गच्चीवर डिश लावायला सेक्रेटरींची परवानगी मिळवणं हे ह्या लेखात बसणार नाही.

बघायची प्रत

मूळ फाइल जपून ठेवायची असते, ती टीव्हीवर लावायची नसते. घरच्यांसाठी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरने वेगळी प्रत करा. क्रॉपिंग पूर्ण बंद, नाहीतर ते स्वतःच्या अकलेने कडा कापतं. डीइंटरलेसमध्ये बीडब्ल्यूडीआयएफ आणि त्यात 'बॉब' निवडा. मघाच्या ५० अर्ध्या चित्रांची ५० पूर्ण चित्रं होतात, आणि रथाची धाव रविवारी सकाळी दिसायची तशी सुळसुळीत दिसते. साधं डीइंटरलेस केलं तर २५ च उरतात आणि तीच धाव धक्के खाते. एच.२६४, दर्जा आरएफ १८. पिक्सेलचं प्रमाण 'ऑटोमॅटिक' राहू द्या. ७२०×५७६ चं चित्र पडद्यावर ७६८×५७६ इतकं पसरायला हवं, नाहीतर भीम बारीक दिसतो. रंग उजळणं, धार वाढवणं, डाग काढणं ह्यातलं काही करू नका. पितांबर आधीच भडक आहे.

ठेवणं

डिस्कवरून घेतलेलं सगळं महाभारत साधारण १६० जीबीत बसतं, तेव्हा जागेचं निमित्त नको. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत, आणि तिसरी दुसऱ्याच्या घरी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या कित्येक घरांत लग्नाच्या कॅसेटसुद्धा उरल्या नाहीत. माझी तिसरी प्रत कल्याणला, मामांच्या आताच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर. दर फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या माहितीवरून निघणारा आकडा, काढून वहीत लिहा, आणि दर दिवाळीला हार्ड डिस्क जोडून पुन्हा ताडून बघा. आकडा बदलला तर फाइल बिघडली, दुसरीकडून आणायची.

फाइलींची नावं मालिका, तीन आकडी भाग आणि स्रोत अशी ठेवा: 'महाभारत ०४२ डीव्हीडी', 'महाभारत ०४२ कॅसेट'. खोट असेल तर तीही नावात. माझ्याकडे द्यूतसभेच्या एका भागाची कॅसेट लावली तेव्हा शकुनीने फासे हातात घेतले आणि पुढच्या क्षणी पडद्यावर मामेभावाची मुंज सुरू झाली. शूटिंगवाल्याने कोरी कॅसेट मागितली होती, घाईत मामींनी हीच दिली. डीव्हीडीवरून तो भाग मिळाला, म्हणून कॅसेटची फाइल काढून टाकणार होतो. आई म्हणाली, "ठेव. त्यात आजी आहे." वहीत आता त्या ओळीपुढे लिहिलंय: 'कॅसेट, अपूर्ण, पुढे मुंज ४० मिनिटं.' चेकसमसकट.